आभासी चलनाचा मोह आणि कुटुंबाची सावधगिरी

(एका कौटुंबिक स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे संकलित रूप)



कोणी आर्थिक व्यवहारात फसला, की ‘लोभाचे फळ मिळाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे. लोभ असतोच; परंतु आभासी चलनाच्या नावाने झालेल्या मोठ्या फसवणुकींचा माग काढला, तर पहिला निरोप आणणारा माणूस वारंवार ओळखीचाच निघतो. कोणी जुना सहकारी असतो, कोणी नातेवाईक, तर कोणी शेजारी. म्हणून हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. तो आपसांतील विश्वासाचा आहे.

प्रथम हे चलन म्हणजे काय ते पाहू. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. त्याच्यामागे कोणतेही सरकार वा मध्यवर्ती बँक नाही. संगणकांच्या जाळ्यावर किचकट आकडेमोड करून नवी नाणी निर्माण होतात. तिला ‘मायनिंग’ म्हणतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत आणि साधारण चार वर्षांनी नव्या नाण्यांचा ओघ निम्मा होईल, हा त्याचा मूळ नियम. एवढे ध्यानात ठेवले, तर पुढची फसवणूक ओळखण्यास तज्ज्ञाची गरज उरत नाही.

२०१५ च्या सुमारास आपल्या देशात ‘गेनबिटकॉइन’ ही योजना सुरू झाली. आमच्याकडे बिटकॉइन गुंतवा, मायनिंगच्या उत्पन्नातून दरमहा १० टक्के प्रमाणे १८ महिने परतावा मिळेल, असे तिचे आश्वासन होते. नवे सदस्य आणणाऱ्यास वेगळी दलाली. आता हिशेब करा. २०१५ मध्ये साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ३,६०० नवी बिटकॉइन निर्माण होत. जुलै २०१६ मध्ये ठरल्या नियमानुसार ती संख्या सुमारे १,८०० वर आली. ज्या खाणीचे उत्पन्न निम्मे होणार हे आधीच जाहीर होते, तिच्या भरवशावर ठराविक परताव्याचे वचन कोणी कसे देऊ शकतो? पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवण्यात आले. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. या योजनेत सुमारे ६,६०० कोटी रुपये गोळा झाल्याचे अंमलबजावणी संचालनालयाने २०२४ मध्ये सांगितले.

युक्ती नवी नव्हती. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन येथे चार्ल्स पाँझी याने टपाल कूपनांच्या व्यापाराचे निमित्त सांगून ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखविले. जुन्यांना द्यायचा पैसा नव्यांच्या खिशातून येत होता. कूपनांच्या जागी नाणे आले, एवढाच फरक. ‘वनकॉइन’मध्ये तर त्या चलनाला आवश्यक असणारी खरी सार्वजनिक नोंदवहीसुद्धा नव्हती. तिची प्रवर्तक रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे.

गेल्या काही वर्षांत या फसवणुकीने आणखी एक रूप घेतले आहे. व्हॉट्सअॅप वा टेलिग्रामवर गोड ओळख होते, मग एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगतात. त्यात आपली रक्कम रोज वाढताना दिसते. आरंभी दोन-चार हजार रुपये परतही मिळतात. हा परतावा म्हणजे गळाला लावलेले आमिष होय. मोठी रक्कम काढू गेल्यावर ‘आधी कर भरा’, ‘आधी शुल्क भरा’ असे सुरू होते. यामागील काही अड्डे म्यानमार-थायलंड सीमेवर आहेत. नोकरीच्या आशेने गेलेल्या तरुणांना तेथे डांबून हे काम करवून घेतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले.

काही जण म्हणतात, सरकारने २०२२ पासून या व्यवहारांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, म्हणजे मान्यताच दिली. हा भ्रम आहे. कर आकारणे म्हणजे हमी देणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने तर डिसेंबर २०१३ मध्येच जनतेला सावध केले होते. मार्च २०२३ पासून असे व्यवहार करणाऱ्या संस्था ‘पीएमएलए’ कायद्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांना नोंदणी आवश्यक झाली. पण नोंदणी म्हणजे आपल्या पैशाचा विमा नव्हे.

तेव्हा घराघरांत काही नियम ठरवावेत. निश्चित परताव्याची हमी देणारी आभासी चलनाची योजना खोटीच समजावी. अनोळखी दुव्यावरून अॅप घेऊ नये. अडकलेला पैसा सोडविण्यासाठी आणखी पैसा भरू नये; ‘बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणाराही बहुधा त्याच टोळीतला असतो. आणि फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी, बँकेलाही कळवावे. आभासी नाणे एकदा दुसऱ्याच्या खात्यात गेले, की ते परत बोलावणारी कोणतीही बँक नाही. परंतु रुपये अजून बँक खात्यात असतील, तर ते गोठविता येतात. तेथे एकेक तास मोलाचा असतो.

हे तास बहुधा लाजेपायी वाया जातात. निवृत्तीची पुंजी गेलेले वडील मुलांना सांगत नाहीत, कारण बोल ऐकावे लागतील. ज्या घरात चूक सांगता येते, त्या घराचे नुकसान थांबविता येते. म्हणून उपदेश नंतर करावा, तक्रार आधी नोंदवावी.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्या, चार माणसांत वावरणाऱ्यांसाठी. आपण वर्षानुवर्षे लोकांच्या घरी जातो, त्यांच्या सुखदुःखात उभे राहतो. त्यातून मिळालेला शब्दाचा मान ही आपली खरी ठेव आहे, आणि अशा योजनांचे दलाल नेमके तीच मागतात. ‘तुमच्या ओळखीतले दहा जण आणा,’ असे कोणी म्हणाले, तर ओळखावे की तो आपले पैसे नव्हे, आपले नाव मागत आहे. स्वतःचे पैसे बुडाले तर ते पुन्हा कमावता येतील. परंतु आपल्या शब्दावर विसंबून एखाद्या विधवेने आपली ठेव मोडली, तर त्याची भरपाई कोणत्या चलनात करणार? जे आपल्याला नीट समजलेले नाही, त्याची शिफारस करू नये, एवढा एक निश्चय आज येथून घेऊन जाऊ या.