दान दिलेला अवयव टिकतो कसा?



माझे शिक्षण सातवीपर्यंत. डॉक्टरी विषयावर ही काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण हा विषय फळे टिकवण्यासारखाच आहे, आणि ते आपल्याला नाशिककरांना चांगले कळते.

द्राक्षे परगावी धाडायची तर तोडल्याबरोबर थंड करतात, पण गोठू देत नाहीत. अवयवाचेही तसेच. काढताना त्यातले रक्त थंडगार औषधी द्रावणाने धुऊन टाकतात आणि पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. उष्णतामान ४ अंशांच्या आसपास. बर्फ थेट लागू देत नाहीत. गोठले तर आतल्या पेशी फुटतात. थंडीने अवयवाची भूक मंदावते, थांबत नाही. म्हणून हृदय ४ ते ६ तास, यकृत १२ तासांच्या आसपास आणि मूत्रपिंड दिवसभर टिकते.

आपले नाशिक पुण्याच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या विभागात येते. पेटी पुण्याला न्यायची तर २०० किलोमीटरहून अधिक वाट. हृदयाच्या तासांतून ती वजा करा, म्हणजे पोलीस रस्ता मोकळा का करून देतात ते समजेल. (आपण लग्नाला निघालो की चाकणलाच तास मोडतो!)

परदेशात याहून पुढची युक्ती निघाली आहे. टोरांटोला २००८ पासून नाकारलेली फुप्फुसे यंत्रात, शरीराच्या उबेत ठेवून त्यांना श्वास देतात. ती सुधारली तर रुग्णाला बसवतात. झुरिचला २०२१ साली यकृत तीन दिवस यंत्रावर सांभाळून मग बसवले. आजाऱ्याची शुश्रूषा करावी तशी ही अवयवाची शुश्रूषा!

पण हे सारे घरच्यांच्या होकारानंतर. मेंदू मृत झाल्याचे डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सांगते. तेव्हाही छाती यंत्राने हलत असते, अंग ऊन असते. अशा वेळी आईला, बायकोला विचारतात. त्या क्षणी प्रथमच विचार करायचा, हे फार अवघड. घरात मी हा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अभद्र बोलू नकोस." आठ दिवसांनी त्यांनीच विचारले, "मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का गं?"

चालतात. घरी मृत्यू झाला तरी नेत्रदान होते, मात्र सहा तासांच्या आत. पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि लगेच नेत्रपेढीला फोन करावा. सासूबाईंनी तो क्रमांक देवघराच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.