जबड्याची शस्त्रक्रिया : भीती आणि अपेक्षा

आपल्या गावच्या शाळेत हात तोंडावर ठेवून हसणारा एखादा मुलगा असतो. त्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढं आलेला असतो, किंवा हनुवटी इतकी मागं असते की ओठ सहजी मिटत नाहीत. मुलं त्याला नावं ठेवतात आणि घरची माणसं म्हणतात, "देवानं दिलेला चेहरा, त्याला कोण काय करणार?" पण त्याला पुष्कळ काही करता येतं, आणि तेच आज आपल्याला सांगायचं आहे.

हा प्रश्न केवळ रूपाचा आहे असं समजू नये. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नसले, तर भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही आणि घास नीट चावला जात नाही. 'स'सारखे उच्चार बोबडे येतात आणि पोराला वाचायला उभं केलं की ते गप्प राहतं. खालचा जबडा फारच मागं असला तर झोपेत श्वास अडतो आणि माणूस जोरानं घोरतो. तेव्हा चावणं, बोलणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी जबड्याशी बांधलेल्या आहेत.

ही विद्या आजकालची नव्हे. अमेरिकेतील व्हीलिंग गावी सायमन हलिहेन या शल्यवैद्यानं १८४९ च्या सुमारास, भाजल्याच्या व्रणानं ओढला गेलेला एका तरुणीचा खालचा जबडा शस्त्रक्रियेनं मागं घेतला. पुढं ऑस्ट्रियात जन्मलेल्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी खालच्या जबड्याचं हाड तोंडाच्या आतूनच उभं चिरून ते पुढं किंवा मागं सरकवण्याची रीत बसवली, आणि १९५७ साली ती इंग्रजी नियतकालिकातून जगापुढं आली. आजचे डॉक्टर याच वाटेनं जातात. छेद बहुधा तोंडाच्या आतच असल्यानं चेहऱ्यावर मोठा व्रण राहत नाही.

आता पहिला प्रश्न, शस्त्रक्रिया केव्हा करावी? सामान्यतः जबड्याची वाढ थांबल्यावर. मुलींची वाढ साधारण सोळाव्या वर्षाच्या सुमारास थांबते. मुलांची अठराव्या वर्षापर्यंत, कधी त्याहूनही पुढं, चालते. पुढं आलेला खालचा जबडा घाईनं मागं घेतला आणि नंतर तो पुन्हा वाढला, तर केलेलं सारं वाया जायचं! मात्र लहान मुलाचा श्वास अडत असेल, किंवा हनुवटीवर पडल्यानंतर अगर कान फुटल्यानंतर त्याचं तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तर थांबू नये. ताबडतोब डॉक्टर गाठावा. शिक्षकांनी एक सोपी गोष्ट पाहावी. मुलाला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगावं. ती मावत नसली तर पालकांना बोलावून घ्यावं.

दुसरी गोष्ट, हे काम एका दिवसाचं नाही. आधी दातांना तारा लावतात आणि त्यात बहुधा वर्ष-दीड वर्ष जातं. वाकडा जबडा झाकण्यासाठी दात आपल्या परीनं कलते झालेले असतात; तारांनी तो कल काढून टाकला की काही दिवस चेहरा आणि चावणं आधीपेक्षा अधिकच बिघडल्यासारखं वाटतं. पुष्कळ घरांत धीर सुटतो तो इथं. पण शेत नांगरलं की ते आधी उकरल्यासारखंच दिसतं, तशातली ही गत आहे. शस्त्रक्रियेनंतरही तारा काही महिने ठेवाव्या लागतात.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. हाड कापून योग्य जागी आणतात आणि टायटॅनियम धातूच्या लहान पट्ट्या व स्क्रू लावून पक्कं करतात. पूर्वी दोन्ही जबडे सहा-सहा आठवडे तारेनं बांधून ठेवीत. आता बहुतेकांना ते सोसावं लागत नाही, दातांना रबरी कड्या लावल्या की भागतं. दवाखान्यात राहणं बहुधा थोड्याच दिवसांचं असतं.

नंतर काय होतं, तेही स्पष्ट सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. आरशात आपलाच चेहरा अनोळखी वाटतो, मन खचतं, कधी रडूही येतं. घरच्यांनी त्या वेळी "हे काय करून बसलास!" असं म्हणू नये. सूज दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ उतरते. उरलेली उतरायला काही महिने लागतात. पहिले दिवस ताक, दूध, पेज, नाचणीची आंबील, वरणाचं पाणी असं पातळच घ्यावं, मग मऊ भात-खिचडी. हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर कडक भाकरी नको आणि ओझी उचलणं नको. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवावं. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद! त्यानं जखम भरायला उशीर होतो आणि ती चिघळण्याचा धोका वाढतो.

एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी, ती म्हणजे बधिरपणाची. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या शिरेला ताण बसल्यानं खालचा ओठ आणि हनुवटी काही आठवडे, काही महिने बधिर राहतात. बहुतेकांची जाणीव परत येते, पण काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. तोवर कढत चहा जपून प्यावा. ओठ भाजला तरी कळत नाही. क्वचित जबडा थोडा पूर्वीच्या जागेकडे सरकतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो. हे सारं ऐकूनच होकार द्यावा. यातलं काहीच न सांगता जो नुसतं "चेहरा नटासारखा करून देतो" म्हणेल, त्याच्यापासून दूर राहिलेलं बरं.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुखशल्यचिकित्सेचे विभाग आहेत. तिथं जाऊन आधी नुसती तपासणी करून घ्यावी, आणि सरकारी योजनेतून मदत मिळेल का ते समाजसेवा अधीक्षकांना विचारावं. तपासून घेतलं म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असं नाही. कित्येकांचं काम नुसत्या तारांवरही भागतं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, निर्णय त्या मुलाचा आणि त्याच्या आईवडिलांचा आहे. पण आपल्या व्यंगावर इलाज आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर घालणं आपल्या हाती आहे. आणि तो शस्त्रक्रिया करो वा न करो, त्याच्या चेहऱ्यावरून वर्गात कुणी हसणार नाही, एवढं तर आपण उद्यापासूनच करू शकतो.