उगम विसरलेले रस्ते



आपलं नेटवर्कवाल्यांचं संमेलन खुलताबादला ठरलं तेव्हा शहरातल्या काहींनी नाकं मुरडली. मला मात्र जागा चोख वाटते. आपली खरी पंचाईत मुख्यालयात होत नाही. तालुक्याच्या शाखेचं जुनं जाळं मुख्यालयाच्या नव्या जाळ्याला जोडताना होते. शाखेत आरआयपी हा राउटिंग प्रोटोकॉल, मुख्यालयात ओएसपीएफ आणि मध्ये एकाचे रस्ते दुसऱ्याला सांगणारा राउटर. या सांगण्याची, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूशनची, कमांड एका ओळीची, म्हणून काम सोपं समजलं जातं.

त्या ओळीत रस्त्याचा उगम हरवतो. आरआयपी हॉप मोजतो, ओएसपीएफ कॉस्ट. एकाचा हिशोब दुसऱ्याला लागत नाही, म्हणून सीमेवर जुना आकडा टाकून नवा लावायचा. सिस्कोच्या राउटरवर आपण काही सांगितलं नाही, तर आरआयपीतून आलेल्या प्रत्येक रस्त्याला ओएसपीएफमध्ये सरसकट 20. एका हॉपवरचं गाव आणि दहा हॉपवरचं गाव, दोघांनाही 20!

सीमेवर ‘क’ आणि ‘ख’ असे दोन राउटर असले की खरी गंमत. शाखेतलं 10.20.5.0/24 हे नेटवर्क ‘क’ने आरआयपीतून घेतलं, ओएसपीएफमध्ये ढकललं. ‘ख’ला ते दोन्हीकडून कळतं. आरआयपीचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स 120, ओएसपीएफचं 110. कमी आकडा जिंकतो. शाखा शेजारी असून ‘ख’ मुख्यालयामार्गे जातो, वर तोच रस्ता कमी हॉप लावून आरआयपीला परत सांगतो. मग मूळ लाइन पडली तरी मेलेला रस्ता टेबलांतून फिरत राहतो. इथल्या भद्रा मारुतीच्या गर्दीत दौलताबादच्या पोलिसाने गाड्या कसाबखेड्याकडे वळवाव्यात आणि तिथल्याने पुन्हा दौलताबादकडे, तसं.

उपाय जुना आहे. ‘क’ने रस्ता आत घेताना त्यावर टॅग लावायचा, ‘ख’ने तो टॅग दिसताच रस्ता परत पाठवायचा नाही, उलट दिशेलाही तेच. आरआयपीची पहिली आवृत्ती टॅग वाहून नेत नाही, दुसरी नेते. टॅगने फेरा थांबतो, पण ‘ख’ची आडवाट थांबत नाही. त्यासाठी दोन्ही सीमा-राउटरांवर ओएसपीएफच्या बाह्य रस्त्यांचं डिस्टन्स 120 च्या वर न्यावं लागतं. ईआयजीआरपी हा प्रोटोकॉल रचणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं: घरचा रस्ता 90, बाहेरून आलेला 170. मला ही त्यांची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

रस्त्याचा उगम हरवणं तालुक्यापुरतंच नाही. 25 एप्रिल 1997 रोजी एएस7007 या नेटवर्कमधून इतरांचे रस्ते /24 चे तुकडे होऊन बाहेर पडले, तेही मूळ मालकाचा मागमूस पुसून. जणू सगळे त्याचेच. लहान तुकडा अधिक नेमका, म्हणून राउटरांनी तोच मानला आणि इंटरनेटचा मोठा भाग कोलमडला. आपल्याकडे 16 एप्रिल 2021 रोजी व्होडाफोन आयडियाच्या एएस55410 मधून तीस हजारांहून अधिक परके प्रिफिक्स जाहीर झाले.

माझं मत थोडं उर्मट वाटेल, पण दुतर्फा रीडिस्ट्रिब्यूशन बहुतेक ठिकाणी लागतच नाही. एकाच लाइनवरच्या शाखेला मुख्यालयाचे शेकडो रस्ते कशाला? एक डिफॉल्ट रूट पुरे. उलट दिशेला शाखेचे मोजके प्रिफिक्स नाव घेऊन यादीत लिहावेत, बाकी सगळं बंद. हे जमेना तरच टॅगकडे वळा. दुपारच्या सत्रात आपापल्या सीमा-राउटरची कॉन्फिगरेशन मांडायची आहेत. पासवर्ड तेवढे खोडून आणा.