तब्येत ठणठणीत असतानाच नाव नोंदवा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की शिक्षणासाठी इंग्लंडला निघालेल्या मुलांचे आईवडील मला हमखास एकच प्रश्न विचारतात. तिकडे आजारी पडल्यावर डॉक्टर कसा गाठायचा? मी तिथे बरीच वर्षं जीपी होते, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखं काम केलं. आपली मुलं माझ्याकडे यायची, पण फार उशिरा यायची. म्हणून आज हे निघण्याआधीच सांगते.

व्हिसाचा अर्ज करताना तुम्ही आरोग्य अधिभार भरता. विद्यार्थ्यांसाठी तो 2024 च्या फेब्रुवारीपासून वर्षाला 776 पौंड झाला. एवढी रक्कम भरली म्हणजे मुलाचं नाव तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, लागलं अशी घरोघरी समजूत असते. तसं होत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून मतदारयादीत आपोआप नाव येतं का? अधिभार भरल्याने हक्क मिळतो. नाव आपलं आपण नोंदवायचं असतं, राहत्या घराजवळच्या जीपीच्या दवाखान्यात. विद्यापीठ ते परस्पर करत नाही आणि व्हिसाचं ऑफिसही करत नाही. पहिल्या आठवड्यात जायचं आणि नाव नोंदवायचं.

मुलं म्हणतात, भाडेकरार अजून हातात आलेला नाही, लाइटबिल माझ्या नावावर नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. काउंटरवर कोणी कागद मागितले तर तो नियम नाही हे नम्रपणे सांगा. तरीही नाव घेतलं नाही तर कारण लेखी मागा, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बहुतेक दवाखान्यांचा अर्ज आता ऑनलाइनही भरता येतो. मग अडतं कुठे? ‘मला काय झालंय, बघू नंतर’ इथे अडतं. सिमकार्ड पहिल्या दिवशी, बँकेचं खातं पहिल्या आठवड्यात, आणि डॉक्टर मात्र ताप चढल्यावर.

आपल्याकडे पाटी वाचून थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जाता येतं. एनएचएसमध्ये जवळजवळ प्रत्येक तज्ज्ञाची वाट जीपीच्या चिठ्ठीतून जाते. रक्ततपासणी, क्ष-किरण, रोजच्या गोळ्या, सगळं तिथूनच. थायरॉइडची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर इंग्लंडमध्ये औषधांचं शुल्क माफ होतं, नाहीतर प्रत्येक औषधामागे 2024 च्या दराने 9 पौंड 90 पेन्स मोजावे लागतात. त्या माफीच्या अर्जावर सहीसुद्धा दवाखान्यातूनच मिळते.

आणि लस. हे मी जरा थांबून सांगते. वसतिगृहात नवी मुलं एकत्र येतात, तेव्हा मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंजायटिसचा जंतू पसरायला वाव मिळतो. हा आजार काही तासांत जिवावर बेतू शकतो. त्यातल्या चार प्रकारांवरची लस तिथे पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना जीपीकडे फुकट मिळते. नाव नोंदवलंच नाही तर लस घ्यायला बोलावणार कोण? पण ती लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून लक्षणंही ऐकून ठेवा. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, गुंगी, हातपाय गार पडणं. अंगावर पुरळ आलं तर काचेचा पेला त्यावर दाबून बघा. दाबूनही डाग फिके पडले नाहीत तर ताबडतोब 999 ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन. आपल्या सावळ्या कातडीवर पुरळ चटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू बघायची. पुरळ उठायची वाट मात्र बघत बसू नका, ते उशिरा येतं आणि कधी येतच नाही.

खोलीवरच्या मित्रांनाही हे माहीत हवं. ज्याला गुंगी आलीय तो स्वतः फोन करणार नाही.

आता आईवडिलांना थोडं रागावते. रात्री दोन वाजता मुलाचा फोन येतो, घसा दुखतोय, ताप आहे. तुम्ही इथल्या डॉक्टरांना उठवता आणि बॅगेत घातलेली अँटिबायोटिकची पट्टी फोडायला सांगता. ताप किती आहे विचारलं, तर थर्मामीटर नसतो! लोणच्याच्या बरणीला तीन पिशव्या गुंडाळता, तिच्याशेजारी एक थर्मामीटर ठेवा ना. अशा वेळी एनएचएसचा सल्ल्याचा क्रमांक 111 फिरवायचा. इंग्लंडमध्ये तो चोवीस तास चालतो, फुकट असतो आणि कुठे जायचं ते तिथली माणसं सांगतात. छातीत दुखणं, श्वास न पुरणं, तोंड वाकडं होणं, थांबत नाही असा रक्तस्राव, यांना मात्र 999 च. साध्या तापासाठी अपघात विभागात गेलात तर तासन्‌तास बसून राहाल, कारण तिथे आधी आला तो आधी असं नसतं, ज्याचा जीव धोक्यात तो आधी.

नेहमीची औषधं मूळ पट्टीतच न्या आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत ठेवा. त्यात ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं हवं. सर्दीवर गरम पाण्यात घालून घ्यायच्या पुड्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतं, त्यावर पुन्हा क्रोसिन घेऊ नका. निघण्याआधी दात इथेच तपासून घ्या, तिथे त्याचे पैसे वेगळे पडतात. मन खचलं, झोप उडाली, तरी जीपीकडे जायचं. ते सहसा मुलाच्या परवानगीशिवाय विद्यापीठाला कळवत नाहीत, आणि आईवडिलांनाही नाही.

पुन्हा त्या नावाकडे येते, कारण ते एकदा नोंदवून भागत नाही. पहिल्या वर्षानंतर मुलं वसतिगृह सोडून चौघांत घर घेतात, आणि दवाखान्यात जुनाच पत्ता राहतो. तज्ज्ञाच्या भेटीचं पत्र बऱ्याचदा टपालाने येतं. ते जुन्या पत्त्यावर पडून राहतं, तारीख निघून जाते, आणि रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायची पाळी येते. कित्येक महिने थांबून मिळालेली तारीख अशी हातची गेलेली मी पाहिली आहे. घर बदललं की त्याच आठवड्यात दवाखान्याला कळवा. नवं घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल तर नव्या दवाखान्यात नाव घाला.

शेवटी तुम्हा आईवडिलांबद्दल, कारण दीक्षान्त समारंभाला तुम्हीही जाणार. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसावर अधिभार नसतो, म्हणून प्रवासविमा काढाच, आणि त्यात जुना रक्तदाब, जुनी साखर लपवू नका. जीपीला दाखवणं पाहुण्यालाही फुकट असतं, तात्पुरतं नाव घालता येतं. अपघात विभागातली तपासणीही फुकट. पण रुग्णालयात दाखल करून घेतलं की पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं.

आणि इंग्रजी येत नाही म्हणून दुखणं अंगावर काढू नका. वेळ ठरवतानाच मराठी दुभाषी हवा म्हणून सांगा, त्याचे पैसे पडत नाहीत. माझ्याकडे कितीतरी आया आल्या, शेजारी मुलगा भाषांतराला बसलेला, आणि त्या गुडघ्यांचंच सांगत राहिल्या. स्तनातली गाठ किंवा पाळी गेल्यावर पुन्हा सुरू झालेलं अंगावरचं जाणं मुलापुढे कसं सांगणार? अशा वेळी मुलाला बाहेर बसायला सांगा. दुभाषी बहुतेक वेळा फोनवरच असतो, बाई हवी म्हटलं तर बाईही मागता येते.