फवारणीचे विष शरीरात काय करते?



आपल्या अमरावती-अकोल्याकडे कपाशीवर प्रोफेनोफॉससारखी औषधे फवारतात. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचविणारे रसायन म्हणजे असिटिलकोलीन. काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे क्षणात विघटन करते. हे विष नेमके त्या विकरालाच चिकटते. मग निरोप थांबतच नाही. लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

विष कातडीतूनही शिरते. म्हणून अंगावरचे कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. ॲट्रोपीन वेळेवर मिळाले तर जीव वाचू शकतो.

मुलांनो, बाटलीवरील सूचना आजच अब्बांना वाचून दाखवा. शिक्षणाचा उपयोग घरापासूनच सुरू होतो.