किल्ली आपल्याच खिशात



काल संध्याकाळपासून निदान पाच जणांनी मला एकच गोष्ट विचारली, "अगं, धंद्यासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचंय. एखादा चांगला, स्वस्तातला डेव्हलपर सांग ना." कोणाचं औषधांचं दुकान, कोणाचा क्लास, कोणाची पतसंस्था. म्हणून शाळेच्या आठवणी इतरांवर सोपवते आणि सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

आधी माझी चूक सांगते. नोकरीला तीन-चार वर्षं झाली होती. एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांचं काम मी आणि एका मित्राने बाहेरून घेतलं. काकांनी काय हवं ते एकदा सांगितलं, आम्ही चाळीस पानं लिहून काढली, त्यांनी न वाचताच सही केली. आठ महिने खपून आम्ही सॉफ्टवेअर दाखवायला गेलो. त्यांच्या कारकुनाने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "थोडं भाडं आगाऊ आणि बाकी माल पोचल्यावर, हे कुठं टाकायचं?" ती सोयच नव्हती. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद झाला, मित्र परदेशी गेला आणि काका पुन्हा वहीकडे वळले. पैसे त्यांनी पूर्ण दिले होते. ते परत करावेत, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. आज ते लागतं.

आम्ही लबाड नव्हतो. तरी नुकसान झालं, कारण चूक आठ महिन्यांनी कळली. म्हणून माणूस चांगला आहे एवढ्यावर विसंबू नका. चूक लवकर कळेल अशी व्यवस्था करा.

पहिलं म्हणजे, हिशेब, बिलं, जीएसटी यांसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं, ते घ्या. तुमच्या धंद्यात जे वेगळं आहे तेवढंच करून घ्या.

दुसरं, अख्खं काम एकदम देऊ नका. दोन-तीन आठवड्यांचा एक तुकडा द्या, त्याचे पैसे द्या. त्यात माणूस कळतो. जो प्रश्न विचारतो तो बरा. प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

तिसरं, दर पंधरा दिवसांनी चालणारं सॉफ्टवेअर बघायला मागा. रोज जो ते वापरणार आहे, त्याला कालच्या खऱ्या नोंदी त्यात भरायला सांगा. पुढचा हप्ता त्यानंतरच.

चौथं, किल्ल्या आपल्या खिशात ठेवा. डोमेन, सर्व्हर, कोड जिथे ठेवतात ते खातं, सगळं तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवं. डेव्हलपरला वापरायची परवानगी द्या, मालकी नको. बॅकअप घेतलाय असं कोणी म्हणालं, तर एकदा तो परत चढवून दाखवायला सांगा.

पाचवं पुष्कळांना माहीत नसतं. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, आणि वकिलाला दाखवा.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही नुसत्या उत्तराला गुण देत नव्हता, पायऱ्या मागायचात. मी तुमची विद्यार्थिनी असूनही काकांना आठ महिने एकही पायरी दाखवली नाही.

आणि तुम्ही पाच जण, सही करण्याआधी करार मला पाठवा. वाचून देईन. फी म्हणून पुढच्या मेळाव्यात एक वडापाव.