कातकामातील लाकडी धूळ

पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावात लेथवर लाटणी किंवा पलंगाचे पाय कातणाऱ्या कारागिराला शिंका आणि डोळ्यांची चुरचुर कामाचाच भाग वाटते. परंतु साधी चुरचुर कणांच्या घर्षणाने होते, तर ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या द्रव्याला शत्रू मानणे होय, आणि ती वर्षानुवर्षे काम केल्यानंतरही उद्भवून पुढे थोड्याशा धुळीनेही उसळते. सागातील डीऑक्सिलॅपॅकॉल व शिसवीतील डाल्बर्जिओन ही गाभ्यातील द्रव्ये त्वचेला विशेष बाधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडी धूळ कर्करोगकारक ठरवली. तोंडावरचा रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. घट्ट बसणारा धूळरोधक मास्कच वापरावा, आणि दम लागल्यास डॉक्टरांना लाकडाचे नावही सांगावे.